देह पालटला, पुढे काय?

कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आम्हांला नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले जातात. कोणी द्वैत-अद्वैताचे विचारतो, कोणी एकादशीच्या निर्णयाचे, कोणी भाऊबंदकीचे. परंतु अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. आमच्या गुरुजनांना तो कोणी विचारलाच नसता, कारण त्यांच्या काळी तो उद्भवण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा : “महाराज, वजन उतरावे म्हणून पोटाचे ऑपरेशन करून घेतले. देह पार पालटला. आता प्रसाद कसा घ्यावा, एकादशी कशी करावी, पंगतीत कसे बसावे? आणि लोक म्हणतात, हा कष्ट न करता बारीक झाला. त्यांना काय सांगावे?” ह्यातला वैद्यकाचा भाग डॉक्टरांकडे. पण उरलेला भाग धर्माचा आणि विचाराचा आहे. तो टाळून चालणार नाही, म्हणून भाविक वाचकांपुढे मांडतो.

हे ऑपरेशन म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. म्हणजे पुढचे बोलणे हवेत जाणार नाही. ह्याचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे पाऊण भाग, किंवा थोडा अधिकच, कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी वेगळी करतात. तिच्यात सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे मावतील एवढीच जागा. ती पिशवी पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न वाटेतला काही भाग वगळून खाली जाते. ह्याला बायपास म्हणतात. वजनासाठी हा बायपास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केला. म्हणजे ही गोष्ट कालपरवाची नव्हे.

हे हौसेने करावयाचे काम नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यावरून डॉक्टर विचार करतात. ह्या विषयातील शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०२२ साली जे नियम दिले त्यांत हा आकडा ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर ऑपरेशन सुचवावे असे म्हटले आहे. आपल्यासारख्या आशियातील लोकांसाठी ती रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. स्वीडन देशात १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ऑपरेशन केलेली दोन हजारांवर माणसे होती, आणि तशाच वजनाची पण ऑपरेशन न केलेली दुसरी तेवढीच. २००७ साली निष्कर्ष आला की ऑपरेशन केलेल्यांत मृत्यू कमी झाले. तेव्हा हा उपाय खरा आहे, आयुष्य देणारा आहे. आता शंकांकडे वळू.

पहिली शंका. कोणी म्हणेल, “अहो, संयमाने जे साधायचे ते सुरीने साधले, ही पळवाट नव्हे काय? जीभ आवरता आली नाही म्हणून पोट कापले!” त्यास आमचे उत्तर असे की शंकाकाराने भूक म्हणजे काय ह्याचा विचार केलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल पुरुषाचे वर्णन आहे. तेथे स्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही तर सांगितलीच आहेत. पण त्याच यादीत ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण दिले आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड. पुढे आचार्य म्हणतात की मेदाने मार्ग अडले म्हणजे वायू कोठ्यातच फिरतो व अग्नीला फुंकर घालीत राहतो. म्हणून स्थूल माणसाला पुनःपुन्हा भूक लागते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणून हिणवतो, ते त्या रोगाचेच लक्षण आहे, हे जुन्या आचार्यांनीही ओळखले होते. आजचे वैद्यक वेगळ्या भाषेत हेच सांगते. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन नावाचा एक रस रक्तात जातो आणि तो मेंदूला ‘भूक, भूक’ असे सांगतो. माणूस उपाशी राहून वजन उतरवू लागला की हा रस वाढतो. शरीर हट्टाने पूर्वपदावर ओढू पाहते. ऑपरेशनात जठराचा तो भाग निघून गेला म्हणजे ती हाकाटी बरीच मंदावते. डोळ्यांतला मोतीबिंदू काढून घेऊन जो पारायणाला बसतो, त्याला आपण ‘फसवून वाचतो’ असे म्हणतो काय? मग ह्यालाच का म्हणावे?

परंतु शंकाकाराच्या बोलण्यात एक कण सत्याचा आहे, तो आम्ही टाकून देणार नाही. सुरीने पुण्य मिळत नाही, हे खरे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंत म्हणतात की जो आहार तोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण गोडी मागे राहते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच निवते. ऑपरेशन झालेल्या माणसाइतका ह्या सिद्धान्ताचा रोकडा अनुभव दुसऱ्या कोणाला क्वचितच येत असेल. चार घासांनी पोट भरते, पण मनाचे ताट मात्र पूर्वीएवढेच वाढलेले असते. शेताला कुंपण घातले म्हणजे पीक आले असे होत नाही. गुरे आत शिरत नाहीत एवढेच. नांगरणी, पेरणी, खुरपणी धन्यालाच करावी लागते. ऑपरेशन हे कुंपण आहे. ते घातले म्हणून धन्याला चोर म्हणू नये, आणि ते घातले म्हणून धन्याने खळ्यावर जाऊन झोपूही नये. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. पुढे त्याचाच विस्तार करतो.

आमच्या परिचयाचे एक विणेकरी आहेत. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. वजन १२६ किलो झाले होते, रक्तात साखर, दोन्ही गुडघे गेलेले. वारीत दिवेघाट आला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन ते दिंडीच्या ट्रकमध्ये बसत आणि मान खाली घालून बसत. घरच्यांनी धीर दिला, डॉक्टरांनी समजावले आणि त्यांनी जठर लहान करून घेतले. सव्वा वर्षात वजन ८८ वर आले. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. पुढल्या आषाढीला ते वीणा घेऊन दिवेघाट चढले. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले आणि लहान मुलासारखे रडले. एवढी गोष्ट लोकांना ठाऊक आहे, आणि लोक तेवढीच सांगतात.

न सांगितलेली गोष्ट त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकली. पहिले काही आठवडे पाणी, ताक, डाळीचे पाणी, तेही चमच्या-चमच्याने. मग कुस्करलेले मऊ अन्न, मग हळूहळू नेहमीचे. एक घास भरभर गिळला तर छातीत गोळा अडकल्यासारखे होऊन उलटी. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट-घोट. उन्हातून येऊन तांब्याभर पाणी गटागटा पिण्याचे सुख कायमचे गेले. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळू लागले. ते पुढे परत आले, पण तेव्हा भीती वाटली. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबू लागली. प्रवचनाला सतरंजीवर बसले की हाडे टोचत, आणि कार्तिकात थंडी अशी वाजू लागली की पूर्वी कधी वाजली नव्हती. गळ्यातली तुळशीची माळ सैल होऊन छातीवर आली. आणि सर्वांत नवल म्हणजे, अरुंद दार आले की ते अजूनही अंग तिरपे करीत. देह आकसला होता, पण मनातला मापाचा गज जुनाच होता!

येथे दुसरी शंका उभी राहते, आणि ती खरी तत्त्वज्ञानाची आहे. देहाचा तिसरा हिस्सा गेला. मग ‘मी’ तोच राहिलो का? लोक म्हणतात, “वा! ओळखूच आला नाहीत. आता कसे माणसात आलात!” आमच्या विणेकऱ्यांनी हे ऐकून घेतले आणि एकांतात आम्हांला विचारले, “महाराज, पंचवीस वर्षे मी वीणा घेऊन उभा होतो, तेव्हा मी माणसात नव्हतो काय?” वाचकहो, ह्या प्रश्नावर क्षणभर थांबा. ज्याची आपण स्तुती करतो त्याच्या काळजात ती स्तुती कशी लागते, ते पहा. आजच्या देहाची स्तुती करताना कालच्या माणसाची निंदा होऊन गेली. आणि उद्या पुन्हा दहा किलो वाढले, तर पुन्हा हा माणसातून उठणार काय?

यास्काचार्यांनी निरुक्तात वार्ष्यायणी नावाच्या आचार्यांचे मत नोंदवले आहे की वस्तुमात्राचे विकार सहा : जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, झिजणे आणि नाहीसे होणे. वेदान्ती हे सहाही विकार देहाच्या माथी मारतात आणि पाहणाऱ्याला मोकळा ठेवतात. स्थूलपण हा देहाचा पालट, कृशपणही देहाचाच पालट. ज्याने लठ्ठपणाचे दुःख पाहिले, तोच आज सैल झालेली माळ पाहतो आहे. तो पाहणारा ना १२६ किलोंचा होता, ना ८८ किलोंचा आहे. म्हणून विणेकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले : “तुम्ही तेव्हाही पुरते माणसात होता आणि आजही तेवढेच आहात. घाट चढता येऊ लागला हा आनंद घ्या, तो देवाचा प्रसाद आहे. पण जुन्या देहाला शिव्या देऊ नका. त्यानेच तुम्हांला पंचवीस वर्षे पंढरीला नेले.”

तथापि अर्धवट वेदान्ताचा धोका मोठा असतो. ‘मी देह नाही’ एवढे ऐकले की काही मंडळी देहाची हेळसांड हाच परमार्थ समजतात. ऑपरेशन झालेल्याने असे केले तर अनर्थ होतो, कारण अन्न थोडे जाते, आणि जाते त्यातलेही पुरते अंगी लागत नाही. म्हणून जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांची औषधे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे जन्मभर घ्यावी लागतात. त्यातले बी-बारा हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध-दह्याखेरीज जवळजवळ मिळतच नाही. तेव्हा माळकऱ्याने तर त्याबाबत दुप्पट सावध असावे. ते उणे पडले की रक्त खालावते, हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा येतो. जेवणात प्रथिने आधी : घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, पनीर, दही, भाकरी-भात त्यामागून. दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत असे सांगतात. वरचेवर उलट्या होत असतील तर अंगारा लावून बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माउलींच्या रथाला जुंपलेले बैल पाहा. बैलांनाच कोणी माउली समजत नाही. पण म्हणून त्यांना उपाशीही कोणी ठेवीत नाही. त्यांची वैरण, पाणी, विसावा सारे वेळेवर होते, कारण रथ त्यांनी ओढायचा असतो. देहाशी एवढेच नाते ठेवावे : पूजा नको आणि छळही नको.

तिसरी शंका आचाराची. प्रसाद पानात टाकणे हा अन्नाचा अपमान. मग ज्याला चार घासांवर जात नाही त्याने काय करावे? तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत भृगूला प्रथम अन्न हेच ब्रह्म असे कळते, आणि पुढे अन्नाची निंदा करू नये, अन्न झिडकारू नये, ही व्रते सांगितली आहेत. आता विचार करा : निंदा कोणाच्या हातून होते? ज्याने हात जोडून “एवढेच वाढा” म्हटले त्याच्या, की ज्याने “माझ्या गळ्याची शपथ” म्हणत आणखी दोन पोळ्या टाकल्या त्याच्या? पान टाकले जाते ते वाढणाऱ्याच्या आग्रहाने. काल्याच्या कीर्तनानंतर जो काला मिळतो तो ओंजळभर मिळाला काय आणि चार लाह्या मिळाल्या काय, प्रसादाला वजनकाटा नाही. तेव्हा ऑपरेशन झालेल्याने पंगतीत खुशाल बसावे, आधीच थोडे वाढून घ्यावे, बोटाच्या पेराएवढा गोड घास देवाचे नाव घेऊन तोंडी लावावा आणि समाधानाने हात जोडावेत. विशेषतः बायपास झालेल्यास गोड जास्त झाले तर ते आतड्यात एकदम उतरते. अंगाला घाम, थरथर, छातीत धडधड, पोटात मुरडा असा प्रकार होतो. भर पंगतीत त्याची अशी दशा करणे हा कसला पाहुणचार?

एकादशीचे विचाराल तर शास्त्र आपल्यापेक्षा दयाळू आहे. धर्मशास्त्रकारांनी आठ गोष्टी अशा मोजल्या आहेत की ज्यांनी व्रत मोडत नाही : पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. पहिले पाणी आहे आणि शेवटचे औषध, हे ध्यानात ठेवा. ज्याचे पोट दोन चमच्यांचे, त्याला पाणी दिवसभर घोट-घोट करूनच पुरे पाडावे लागते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड बांधले तर रात्रीतून ती तूट भरून काढता येत नाही. म्हणून अशाने निर्जळी करू नये, हा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. पहिल्या काही महिन्यांत तर उपवासाचे नावच काढू नये. पुढे डॉक्टरांनी हो म्हटले तर दूध-दह्यावर करावा. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाटे हे अशा पोटाला कामाचे नाहीत. त्यांत पिठूळपणा आणि तेल पुष्कळ, प्रथिने थोडी. आणि उपवास ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? जवळ राहणे. देवाजवळ राहायला पोट रिकामेच हवे असा काही नियम नाही. ज्याला दर घासाला सावध राहावे लागते, त्याची तर रोजच एकादशी चालली आहे!

वारीला निघणाऱ्याने आणखी एक पाहावे. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. पाण्याची बाटली सतत हाताशी, दर दोन-अडीच तासांनी थोडे खाणे, औषधे पिशवीत, आणि दिंडीचालकाला आधी सांगून ठेवणे. चालक मंडळींनाही विनंती आहे : अशा वारकऱ्याचे जेवण पंगत बसेपर्यंत अडवून ठेवू नका. नियम दिंडीसाठी आहे, आणि दिंडी माणसांची आहे.

आता घरातली गोष्ट. तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण फार डोळे तेथेच ओले होतात. विणेकऱ्यांच्या घरच्या माऊलीने आमच्यापाशी गाऱ्हाणे केले, “महाराज, तीस वर्षे ह्यांच्यासाठी रांधले. पुरणपोळी ह्यांना आवडते म्हणून शिकले. आता अर्धी पोळीही ह्यांना जात नाही. मी रांधायचे कोणासाठी?” हे ऐकून हसू नये. आपल्याकडे बायका प्रेम तोंडाने बोलत नाहीत, ताटात वाढतात. ताट लहान झाले तेव्हा त्या बाईला वाटले, आपले प्रेमच परत केले गेले. आणि ह्यांना वाटे, हिला माझे दुखणे कळत नाही. दोघेही खरे. स्वीडनच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यातूनच २०१८ साली असे दिसून आले की ऑपरेशननंतर एकट्या माणसांची लग्ने होण्याचे प्रमाण वाढते, आणि जोडीने राहणाऱ्यांत वेगळे होण्याचे प्रमाणही वाढते. म्हणजे शरीर पालटले की नातीही हलतात. हे केवळ आपल्याकडचे नव्हे, मनुष्यस्वभावाचे आहे. त्या माऊलीला आम्ही एवढेच म्हटले, “बाई, पूर्वी त्यांचे पोट भरत होतीस, आता त्यांचे आयुष्य सांभाळ. वाटीभर मुगाची उसळ मऊ शिजवणे हेही रांधणेच आहे. आणि दोघे शेजारी बसून, न घाईत, वीस मिनिटे जेवा.” आता ती दोघे तशी जेवतात. तीस वर्षांत कधी तशी बसली नव्हती, असे दोघेही सांगतात.

मागे म्हटलेल्या गोडीकडे पुन्हा येऊ. पुष्कळांना अन्न हे केवळ अन्न नसते. दुःख झाले की खाणे, आनंद झाला की खाणे, रात्री झोप आली नाही की डबा उघडणे. अन्न हाच त्यांचा सोबती झालेला असतो. ऑपरेशनाने तो सोबती एका दिवसात दूर होतो आणि जागा रिकामी राहते. रिकाम्या जागेत काहीतरी शिरणारच. कित्येकांच्या बाबतीत तेथे दारू शिरते. विशेषतः बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते व तिचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. बिडी-सिगारेटने आतल्या जोडावर व्रण होतात. माळकऱ्याला दारूचा नेम आधीच आहे, ही कृपा समजावी. तंबाखूचाही नेम ह्या निमित्ताने धरावा. पण नुसता नकार पुरत नाही. जीभ मोकळी झाली तर तिला नाम द्यावे, पाय मोकळे झाले तर त्यांना वाट द्यावी, संध्याकाळ मोकळी झाली तर तिला हरिपाठ आणि चार माणसांची संगत द्यावी. गोडी मारता येत नाही. ती वळवता येते. आणि इतके करूनही मन अंधारून येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर भक्ती कमी पडली असे समजून गप्प बसू नये. ऑपरेशननंतर काहींचे मन असे खचते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. त्यांना मोकळेपणी सांगावे. पायात काटा मोडला तर आपण नाम घेत घेत काटा काढतोच की!

शेवटची गोष्ट. वजन पुन्हा थोडे वाढले तर? पुष्कळांचे वाढते. त्याच स्वीडनच्या पाहणीत बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ती उतरण २५ टक्क्यांवर टिकली. म्हणजे थोडे परत आले, फार मोठे टिकले. कुंपण जुने होते, काटे वाळतात, कोठे फट पडते. म्हणून शेत सोडून द्यायचे नसते आणि धन्याने स्वतःला पापीही म्हणवून घ्यायचे नसते, फट बुजवायची. डॉक्टरांकडची फेरी चुकवू नये, लाजेने तर मुळीच चुकवू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे की फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. ज्याचे आहार-विहार मापाचे त्याचा योग दुःख हरण करतो. हे माप एकदा कापून मिळत नाही. ते रोज घ्यावे लागते. ऑपरेशन झालेल्याने घ्यावे आणि न झालेल्यानेही घ्यावे.

तात्पर्य, ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतले त्यांनी ते लपवू नये आणि मिरवूही नये. कोणी ‘पळवाट’ म्हटले तर वाद घालीत बसू नये. आपले चालणे चालू ठेवावे. आणि आम्ही जे पंगतीत वाढणारे, दिंडीत सोबत चालणारे, भेटीला येणारे, त्यांनी तीन नेम करावेत : आग्रह करून वाढणार नाही, कोणाच्या देहाबद्दल, तो वाढो की घटो, तोंडावर किंवा पाठीमागे बोलणार नाही, आणि कोणाचा घास हळू चालला असेल तर त्याचे होईपर्यंत पंगत उठवणार नाही. हे तिन्ही नेम फुकटचे आहेत, पण पाळून पाहा, किती कठीण आहेत ते कळेल. पंढरीच्या वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरचा जाड की बारीक हे पाहत नाही. तीच दृष्टी जेवणाच्या पानावर ठेवली म्हणजे झाले.

असो. सुचले ते लिहिले. न्यून ते सज्जनांनी पुरते करून घ्यावे, आणि हे चार शब्द श्रीपांडुरंगाच्या चरणी रुजू व्हावेत. रामकृष्णहरि.